बाग-ए-आममधील खाशी स्वारी

माणसाला नातेवाईक मिळतात ते जन्माने किंवा लग्नाने, म्हणजे दोन्ही प्रसंगी त्याचे स्वतःचे फारसे काही चालत नसताना. मित्र मिळतात ते शाळेत किंवा कचेरीत, म्हणजे करण्यासारखे दुसरे काही नसताना. परंतु घरोब्याचे स्नेही हा जो तिसरा वर्ग आहे तो वडिलोपार्जित जमिनीप्रमाणे वारसाहक्काने चालत येतो, आणि त्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नसल्यामुळे त्यावरून भाऊबंदकी माजत नाही. नातेवाइकाला रुसण्याचा जन्मसिद्ध अधिकार असतो व तो तो लग्नकार्याचा मुहूर्त साधून बजावीत असतो. स्नेह्याला असा अधिकार नसल्याकारणाने, रुसायचेच झाले तर त्याला खरोखरीचे काही कारण शोधावे लागते, आणि कारण शोधीत बसण्याइतकी सवड प्रपंची माणसाला सहसा मिळत नाही. म्हणूनच तीन-तीन पिढ्या टिकलेले घरोबे आपल्याकडे पुष्कळ आढळतात, आणि तीन पिढ्या बोलाचाली असलेली चुलतभावांची घरे त्या मानाने विरळा.

आमचे हैदराबादचे स्नेही या तिसऱ्या वर्गातले. त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा निजामी अमदानीत नांदेडच्या महसुली कचेरीत एकमेकांना लागून बसत आणि मराठी शेतकऱ्यांच्या जमाबंदीचे कागद फारसी वळणाच्या उर्दूत लिहीत असत. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, कचेरीची भाषा बदलली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन हैदराबाद संस्थानाचा मुलूख तीन राज्यांत वाटला गेला. माझे आजोबा जागचे न हलता मुंबई राज्यात गेले. त्यांचे आजोबा त्याआधीच बदलीवर राजधानीत जाऊन काचीगुड्याला बिऱ्हाड थाटून बसले होते, ते दफ्तरासह तिकडेच राहिले. सरहद्दीची रेषा दोन्ही घरांच्या मधून गेली खरी, परंतु फराळाच्या डब्यांना ती कोणी समजावून न सांगितल्यामुळे ते नांदेड आणि काचीगुडा यांच्या दरम्यान पूर्ववत ये-जा करीत राहिले.

या घराचे सध्याचे कुलमुखत्यार म्हणजे माझ्या स्नेह्याचे वडील, अप्पा. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर. केशवराव कोरटकरादिकांनी १९०७ साली सुरू केलेल्या विवेक वर्धिनीत त्यांचे शिक्षण झाले आणि उभी हयात सरकारी हिशेबखात्यात गेली. १९३१ साली ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत साहित्य संमेलन भरले होते, त्याचे वर्णन ते इतक्या तपशिलाने करतात, की ते त्यांच्या जन्मापूर्वी डझनभर वर्षे होऊन गेले होते ही गोष्ट ऐकणाऱ्यालाच खजील करून सोडते. हैदराबादच्या जुन्या मराठी माणसाचा हा एक विशेषच म्हणावा लागेल: आपण ज्याला उपस्थित नव्हतो असा शहराच्या इतिहासातील एकही प्रसंग त्याला मान्य नसतो.

२०२२ सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे गेलो, आणि पहिल्याच रात्री, जेवणे आटोपून सतरंजीवर सुपारीचा डबा फिरू लागल्यावर, मुलांना काय काय दाखवावे याची मसलत बसली. हैदराबादेत मुलांना दाखविण्याजोग्या स्थळांचा दुष्काळ मुळीच नाही. अडचण असते ती त्यांच्या साप्ताहिक सुट्यांची. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद, सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद, पुराणवस्तूंचे सरकारी संग्रहालयही शुक्रवारीच बंद; म्हणजे सिंहांनी विश्रांतीसाठी सोमवार पसंत केला आहे आणि पाषाणमूर्तींनी शुक्रवार. त्यात माझ्या स्नेह्याच्या रजेचा हिशेब, वहिनींची चतुर्थी, आमच्या धाकटीची दुपारची झोप आणि अप्पांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ एवढ्या बाबी जमेस धरल्या, की उरलेला मोकळा काळ शोधून काढणे हे पंचांगकर्त्याच्याही आवाक्याबाहेरचे काम होऊन बसते.

मुलांचा पक्ष एकमुखी होता. त्यांची दोन आणि आमची दोन अशा चौघांनी जेवणाआधीच गच्चीवर स्वतंत्र बैठक घेऊन 'जू पार्क' असा ठराव मंजूर केला होता व तो सादर करण्याचे काम त्यांच्या घरातील ताईकडे, म्हणजे चौघांत वडील असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीकडे सोपविले होते. माझ्या स्नेह्याचे म्हणणे लुंबिनी पार्कला जावे, तिथून हुसेनसागरातला बुद्धही दिसतो आणि वाहन लावायला जागाही मिळते. यांपैकी त्याच्या मनातील खरे कारण दुसरे होते. अप्पा सर्वांचे शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी सुपारीचे खांड दाढेखाली सरकवून त्यांनी निवाडा दिला, "बाग या शहरात एकच आहे. बाग-ए-आम. बाकीची सगळी परवाची."

लुंबिनी पार्क १९९४ सालचे, तेव्हा ते परवाचे ठरले यात नवल नव्हते. पण इंदिरा पार्कालाही आता चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली, असे मी भीत भीत सुचविले. त्यावर अप्पा म्हणाले, "तिथली झाडे माझ्या डोळ्यांदेखत लावली. माझ्यापेक्षा लहान झाडाच्या सावलीत बसायचे म्हणजे संकोच वाटतो हो."

या मुद्द्याला उत्तर नव्हते. पहिला मान बाग-ए-आमला, दुसरा प्राणिसंग्रहालयाला, आणि उरल्या वेळात इंदिरा पार्क, असे फर्मान निघाले.

सकाळी आठाला निघायचे ठरले. याचा अर्थ दहापर्यंत कोणी आंघोळीची घाई करू नये, असा दोन्ही घरांत पूर्वापार लावला जात आला आहे. न्याहारीला वहिनींनी मराठवाड्याची आठवण म्हणून सुशीला केला होता, तो आम्ही मराठवाड्यातूनच आलो असल्याने आठवण येण्याइतका काळ लोटलेला नसतानाही दोनदा मागून खाल्ला. त्यानंतर बंदोबस्त सुरू झाला. धपाट्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, तो सांडल्यास पुसायला जुने धोतर, पाण्याच्या बाटल्या, त्या पाण्यावर विश्वास नसल्यास उकळलेल्या पाण्याची वेगळी बाटली, दोन छत्र्या, त्यांच्या शेंडेफळाचे कपड्यांचे दोन जोड (तो पाच वर्षांचा असून पाण्याशी त्याचे जन्मांतरीचे नाते आहे), चेंडू, आणि अप्पांसाठी घडीची खुर्ची, हे सर्व दारात येऊन पडल्यावर खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारणीने "ऊरिकि वेळ्तुन्नारा?", म्हणजे गावाला निघालात काय, असे मोठ्या आस्थेने विचारले. आम्ही नामपल्लीपर्यंत जाऊन येतो असे ऐकल्यावर तिने त्या सामानाकडे पुन्हा एकदा पाहिले आणि सभ्यपणे दार लावून घेतले.

नऊ माणसांसाठी दोन ऑटो करावे लागले. ऑटोवाल्याने मुलांची शिरगणती करून "इत्ते बच्चां हैं साब, मीटर से कैसा होता?" असा रास्त सवाल केला. अप्पा पुढे झाले आणि दरबारी उर्दूत म्हणाले, "मियाँ, बच्चे सवारी नहीं होते, अमानत होते हैं." ऑटोवाला क्षणभर विचारात पडला, आणि मग तितक्याच अदबीने उद्गारला, "अमानत का किराया अलग होता, चचा." अप्पांना हे उत्तर इतके आवडले, की त्यांनी मागितलेल्या भाड्यावर दहा रुपये जास्त देण्याचे तिथल्या तिथे कबूल केले. या शहरात माणूस फसला तरी जबान खुश होऊन फसतो.

इथेच पहिला पेच उभा राहिला. आमची मुले त्यांच्या ऑटोत जाऊन बसली आणि त्यांची आमच्या. घरोब्याच्या दोन कुटुंबांनी एकत्र प्रवास केला की मुलांची ही अदलाबदल होतेच. आणि तिच्यामागे मुलांचा जो खोल राजकीय विचार असतो तो मोठ्यांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. दुसऱ्याच्या मुलाला रागावता येत नाही, हे ते तत्त्व. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि हिंदुस्थान सरकार यांच्यामध्ये 'जैसे थे' करार झाला होता, एक वर्षाच्या मुदतीचा. तो ती मुदतही पुरी करू शकला नाही. आमच्या दोन घरांत मुलांच्या शिस्तीबाबत असाच एक अलिखित करार कित्येक वर्षे अमलात आहे, आणि तो टिकून आहे याचे एकमेव कारण म्हणजे तो मोडण्याची एक प्रतिष्ठित रीत दोन्ही पक्षांनी शोधून काढली आहे. त्यांच्या शेंडेफळाने खिडकीच्या गजातून पाय बाहेर काढला, तर मी त्याला काही बोलत नाही, मी मागच्या ऑटोत असलेल्या माझ्या मुलाला उद्देशून, तो ऐकण्याच्या टप्प्यात नसतानाही, "आपल्याकडे असे पाय बाहेर काढलेले मुळीच चालत नाहीत हं!" असे मोठ्याने म्हणतो. शेंडेफळ पाय आत घेते. संध्याकाळी वहिनी माझ्या मुलाच्या ताटातल्या भाजीकडे पाहत आपल्या मुलीला "पानात टाकलेले मला खपणार नाही" असे खडसावतात. निरपराध मुलांना अशा रीतीने एकमेकांच्या वतीने बोलणी खावी लागतात. परंतु स्नेहसंबंधांचा खर्च कोणीतरी सोसावा लागतोच.

बाग-ए-आम, म्हणजे आताचे पब्लिक गार्डन, नामपल्ली स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. एकोणिसाव्या शतकातली ही बाग. तिच्या आवारात जुबिली हॉल, पुराणवस्तुसंग्रहालय, शाही मशीद, मुलांचे जवाहर बालभवन इतक्या इमारती आहेत, की बाग पाहायला आलेल्या माणसाला ती अधूनमधून शोधावी लागते. लगतच विधानसभेची शुभ्र घुमटांची वास्तू. ऑटोतून उतरल्याबरोबर अप्पांनी खुर्ची उघडून तिच्यावर बसण्याऐवजी तिच्या पाठीवर हात ठेवून त्या वास्तूचा इतिहास सांगावयास प्रारंभ केला. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून प्रजेने वर्गणी काढून १९०५ साली हा टाउन हॉल बांधावयास घेतला. तो पुरा झाला १९१३ साली. आणि दरम्यान १९११ साली महबूब अली खान पैगंबरवासी झाले होते.

"म्हणजे वाढदिवसाची भेट मिळालीच नाही?" आमच्या थोरल्याने विचारले.

"मिळाली. पण त्यांच्या मुलाला."

यावर शेंडेफळाने, "मग केक कोणी खाल्ला?" असा जो प्रश्न केला, त्याचा उल्लेख या वास्तूवरील एकाही ग्रंथात सापडत नाही, ही इतिहाससंशोधकांची हेळसांडच होय. माझ्या पत्नीने तेवढ्यात माझ्याकडे पाहिले. एका लग्नाच्या आहेराची बाब गेली कित्येक वर्षे आमच्याकडे प्रलंबित आहे, तिची ती सूचना होती.

आत शिरल्यावर मुले ज्या वस्तूकडे धावली ती वस्तू म्हणजे माळ्याची रबरी नळी. नळीला एके ठिकाणी बारीक छिद्र होते आणि त्यातून पाण्याची एक केसासारखी धार वर उडून उन्हात वाकत होती. शंभर-सव्वाशे वर्षांचे वृक्ष, कमळांचे तळे, मोगलाई धाटणीच्या कमानी, यांपैकी कशानेही जी गोष्ट साधली नसती ती त्या छिद्राने साधली: चार मुले पाऊण तास एका जागी राहिली. बोट ठेवले की धार बंद, बोट काढले की धार चालू. मग दोघांनी मिळून दोन बोटे. मग ताईने नळी किंचित मुरडून धारेचा रोख बदलण्याचा शोध लावला आणि तो शोध पहिल्यांदा माझ्या चष्म्यावर सिद्ध झाला. माळी एवढा वेळ कमरेवर हात ठेवून पाहत उभा होता. मी क्षमा मागू लागलो, तर तो म्हणाला, "खेलने दो साब, पानी तो झाडां कोच जारा." आणि खरोखरच ते झाडांनाच जात होते.

अप्पांना हे पसंत नव्हते. त्यांनी हात वर करून मंडळी जमविली आणि आम्हाला एका हिरवळीच्या कडेला नेऊन उभे केले. तिथे गवत होते, गवताच्या मध्यभागी एक कावळा होता, आणि दुसरे काही नव्हते.

"इथे," अप्पा म्हणाले, "वाघ होता."

सर्वजण कावळ्याकडे पाहू लागले.

हकीकत खरी आहे. हैदराबादचे प्राणिसंग्रहालय पूर्वी याच बागेत होते. मीर आलम तलावाच्या काठी ३८० एकरांवर नवे नेहरू प्राणिसंग्रहालय उभारले गेले आणि ६ ऑक्टोबर १९६३ रोजी ते खुले झाले, तेव्हा इथले प्राणी तिकडे रवाना झाले. अप्पा त्या वेळी विशीत होते आणि त्यांची संध्याकाळची बैठक, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, पिंजऱ्यासमोर असे. त्यामुळे गेली साठ वर्षे पाहुण्यांना इथे आणून वाघ नसल्याचे दाखविणे हा त्यांचा शिरस्ता आहे.

"कुठे गेला?" आमच्या धाकटीने विचारले.

"बहादुरपुऱ्याला."

"का?"

"बदली झाली."

दोन्ही घरे सरकारी नोकरांची असल्यामुळे या खुलाशाने मुलांचे संपूर्ण समाधान झाले. फक्त थोरल्याने, वाघाला पेन्शन मिळाली का, एवढीच पुरवणी चौकशी केली.

बागेत गेलेल्या तीन पिढ्या एकाच हिरवळीवर उभ्या असल्या तरी एकाच बागेत असतात असे समजण्याचे कारण नाही. म्हातारे माणूस तिथे जे होते ते पाहायला येते. मधल्या पिढीचे लक्ष जे होऊ शकेल त्याकडे, म्हणजे पडणे, हरवणे, भिजणे, ऊन लागणे आणि परतीचा ऑटो न मिळणे यांकडे असते. जे प्रत्यक्ष आहे ते पाहण्याचे काम एकट्या मुलांवर पडते, आणि म्हणूनच त्यांना घरी चलण्याची घाई कधी नसते. पण त्या दिवशी अप्पांनी नकळत मुलांना आपल्या विद्येची दीक्षा दिली. दहा मिनिटांत त्या हिरवळीवर नसलेल्या प्राण्यांची वसाहत उभी राहिली. इथे हत्ती होता, इथे पाणघोडा होता, इथे डायनासोर होता पण त्याची बदली झाली, असे पुकारत शेंडेफळ फिरू लागले. ताईने वाळक्या पानांची तिकिटे फाडली. आणि एक अनोळखी गृहस्थ, सकाळचा फेरफटका संपवून घरी निघाले होते ते, पान घेऊन नसलेला पाणघोडा पाहून गेले. अप्पा आधी रागावले. मग त्यांच्याने राहवेना, आणि काठी टेकीत मध्यभागी जाऊन त्यांनी, अस्वल त्या बाजूला नसून या बाजूला होते, अशी दुरुस्ती सुचविली.

या सर्व काळात वहिनी आणि माझी पत्नी बाकावर बसून एका समान ओळखीच्या घरातील जमत आलेल्या व मोडत आलेल्या विवाहाचा परामर्श घेत होत्या. बोलण्यात खंड न पडता डोळ्यांनी मुले मोजण्याची जी कला आपल्याकडील स्त्रियांना साध्य आहे, ती पाहिली म्हणजे हजेरीपटावर नेमलेल्या कारकुनांची कीव येते. मुलगी नाही म्हणाली, एक, दोन. मुलाच्या आईचे मन वळले, तीन. पण पत्रिकेत, चार. हा क्रम तासभर बिनबोभाट चालू होता. मग धपाटे वाढायला घेतले, आणि वहिनी एकाएकी थांबल्या.

"भाऊजी, पाच भरतायत."

मूल हरवल्याचे प्रसंग पुष्कळांनी ऐकले असतील. वाढल्याचा हा पहिलाच. पाचवे मूल चारएक वर्षांचे असून लाल सदऱ्यात होते, रांगेत शेंडेफळाला खेटून बसले होते आणि त्याने धपाट्याचा पहिला घास चटणीत बुडवून तोंडात घातलेलाही होता. त्याला नाव विचारले तर ते तेलुगूत काही बोलले. ताईने दुभाष्याचे काम करून सांगितले की ते म्हणते आहे, तिखट आहे पण चालेल. एवढ्यात त्याची आई धावत आली. तिच्या चेहऱ्यावर प्रथम भीती, मग सुटका, आणि मग आपल्या मुलाला परक्याच्या पंगतीत मांडी ठोकून बसलेले पाहून शरम, अशा तीन छटा एकामागून एक उमटून गेल्या. वहिनींनी तिला हाताला धरून खाली बसविले. तिने नको नको म्हणत अर्धे धपाटे घेतले, मग उरलेले अर्धे घेतले, मग ज्वारीच्या पिठात आणखी काय काय घातले आहे याची कसून तपासणी केली. आणि जाताना आपल्या डब्यातले पुलिहोर आमच्या ताटांत इतक्या सढळ हाताने ओतले, की दहीभात तसाच परत घरी गेला. अप्पांना हे प्रकरण राज्यपुनर्रचनेवर ताण करणारे वाटले, आणि त्यांनी तसे बोलून दाखविले.

जेवणानंतर संग्रहालय. १९३० साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात पुरातन मूर्ती आहेत, नाणी आहेत, शस्त्रे आहेत, परंतु गर्दी असते ती इजिप्तहून आलेल्या एका मुलीच्या ममीभोवती. सातव्या निजामाने ती संग्रहालयास दिलेली. काचेच्या पेटीशी मुले एकदम गप्प झाली, आणि आम्ही मोठ्यांनी, एवढी गप्प का झाली या काळजीने, ती पेटी किती जुनी असेल वगैरे मोठ्याने बोलावयास सुरुवात केली. थोरला बराच वेळ पाहत होता. मग त्याने विचारले, "अप्पा, ही इथे कुणाकडे आली होती?"

"निजामाकडे."

"मग परत का नाही गेली?"

आम्ही किती दिवस राहणार आहोत हा विषय त्या घडीपर्यंत कोणीही काढलेला नव्हता. यजमान आणि पाहुणे अशा उभय पक्षांना त्या क्षणी शेजारच्या दालनातील नाण्यांविषयी विलक्षण जिज्ञासा उत्पन्न झाली.

प्राणिसंग्रहालयाबद्दल विस्ताराने लिहिण्याची गरज नाही, कारण तिथे मुलांनी वाघ पाहिला, तो होता, आणि असलेल्या वाघाबद्दल बोलण्यासारखे थोडेच असते. तो झोपला होता. मुलांनी छोट्या आगगाडीत बसण्याचा हट्ट धरला, आम्ही त्यांच्यासाठी म्हणून बसलो, आणि उतरताना मुलांपेक्षा माझा स्नेहीच अधिक नाखूष दिसला. पण अप्पांना वाघात गोडी नव्हती. ते आम्हाला थेट गॅलापॅगोस कासवाकडे घेऊन गेले. हे प्रचंड कासव बाग-ए-आममधून १९६३ साली इकडे आलेल्या प्राण्यांपैकी. म्हणजे अप्पांच्या तरुणपणची बाग प्रत्यक्ष पाहिलेला, अप्पांखेरीज, आमच्या मंडळीत उपस्थित असलेला तो एकमेव साक्षीदार. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. कासवाने मान थोडी बाहेर काढली, थोडी वळवली आणि पुन्हा आत घेतली. "ओळखले," अप्पा म्हणाले. हे कासव २०२४ च्या मार्चमध्ये, सुमारे सव्वाशे वर्षांचे होऊन, निवर्तले. बातमी वाचून मी अप्पांना फोन केला, तेव्हा त्यांनी शोक करण्याऐवजी एक हिशेबखात्याला शोभेलसा मुद्दा मांडला: त्या जागेची ज्येष्ठता आता कोणाकडे गेली, हे कळले पाहिजे.

इंदिरा पार्कात आम्ही शेवटच्या संध्याकाळी गेलो. या उद्यानाच्या लगतच हैदराबादचा सुप्रसिद्ध धरणे चौक आहे. सरकारने २०१७ साली तिथली आंदोलने बंद केली होती, ती उच्च न्यायालयाच्या हुकुमाने पुढे पुन्हा सुरू झाली. ही माहिती अप्पांनी मुलांना येताना वाटेत पुरविली आणि तिचा परिणाम उद्यानाबाहेर पडताना दिसून आला. आइस्क्रीमची गाडी समोर होती, आयांनी खोकल्याचे कारण पुढे केले होते, आणि चारही मुले पदपथावर ओळीने बसकण मारून, हात वर करून, मागणी करू लागली. जागेची निवड इतकी विधियुक्त होती, की त्यांना उठवावे कसे हा प्रश्न पडला. पलीकडे अंगणवाडी सेविकांसारख्या कुठल्याशा पेशातील काही बायका आपापले फलक गुंडाळून घरी निघाल्या होत्या. त्यांतली एक थांबली, हसली, आणि "देना अम्मा, चिन्न पिल्ललु" म्हणून मुलांच्या बाजूने शब्द टाकून गेली. वाटाघाटी होऊन अर्धे अर्धे आइस्क्रीम देण्याचे ठरले. माझ्या स्नेह्याचे आणि माझे, पैसे कोणी द्यायचे यावरून, गाडीवाल्यासमोर जे घडले ते मात्र वाटाघाटींच्या सदरात घालता येणार नाही. त्यात माझ्या सदऱ्याचे एक बटण गेले.

आता येत्या दिवाळीत ती मंडळी आमच्याकडे नांदेडला यावयाची आहेत, आणि अप्पाही येणार म्हणून कळविले आहे. सचखंड गुरुद्वारा आहे, गोदावरीचे घाट आहेत, नंदगिरीचा किल्ला आहे; पण या सर्व गोष्टी अजून जागच्या जागी असल्यामुळे आमची बाजू लंगडी पडते. तरी वाचकांपैकी कोणा जाणत्या गृहस्थास नांदेडात पूर्वी वाघ कोठे असे हे नक्की ठाऊक असेल, तर त्यांनी त्या जागेचा ठावठिकाणा वसुबारसेपूर्वी कळविण्याची मेहेरबानी करावी. वाघाचे जमत नसल्यास अस्वलही चालेल.